होडी कोणत्या खात्याची?

मागच्या अंकात या पानाच्या तळाला आम्ही सहज एक ओळ टाकली होती, की पोलिस, अग्निशमन, ॲम्ब्युलन्स, होमगार्ड आणि आपत्ती व्यवस्थापन हे सगळं राज्यात एकाच खात्याखाली आणावं असं तुम्हाला वाटतं का. वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील, तर गठ्ठाच आला, आणि निम्म्या पत्रांत राग आहे. साहजिकच आहे म्हणा, २०२५ चा पावसाळा मराठवाड्यात कोण विसरणार. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, जी घेतली ती थोडी कापलीत, नावं मुद्दाम टाकली नाहीत. उत्तरं देणारा मी महसूल खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस, त्यामुळं माप कुठं महसूलकडं झुकलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार काका. आमचं गाव सीनाकाठी, धाराशिव जिल्ह्यात. २०२५ च्या सप्टेंबरात रात्रीतून पाणी वाढलं तेव्हा आमचे वडील आणि सालगड्याचं कुटुंब शेतातल्या वस्तीवर अडकलं, मी गावात, मधे नुसतं पाणी. मी एक नंबर फिरवला तर म्हणले दुसऱ्याला लावा, दुसऱ्यानं नाव गाव तालुका सगळं लिहून घेतलं आणि म्हणला तुमच्या जिल्ह्याला कळवतो, तिसऱ्यानं परत तेच नाव गाव तालुका, चौथ्यानं विचारलं की ती वस्ती नेमकी कोणाच्या हद्दीत येते. तेवढ्यात गावातलीच पोरं थर्माकोलचा चप्पू घेऊन गेली आणि माणसं काढली, दोन म्हशी मात्र गेल्या. माझा पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडोला आहे, तो म्हणतो तिकडं पब्लिक सेफ्टी आणि इमर्जन्सीवाली खाती कधीच एक केलीत. मग आपल्याकडं का करत नाहीत? एक खातं, एक साहेब, एक नंबर. अवघड काय आहे त्यात?

उत्तर : भाऊ, माणसं वाचली हे मोठं, पण दुभती म्हैस गेली म्हणजे घरातला कमावता गेल्यासारखंच असतं, कळतं मला. उत्तराला जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी आज कोण कुठं बसलंय ते बघा. ११२ पोलिसांचा, म्हणजे गृहखात्याचा, तुमचा फोन नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या सेंटरला वाजतो आणि तिथून जिल्ह्याला येतो. १०८ ची ॲम्ब्युलन्स आरोग्य खात्याची, २०१४ ला सुरू झालेली. आगीचा बंब नगरपालिकेचा आणि नगरपालिका नगरविकासात. होमगार्ड परत गृहखात्यात. १०७७ कलेक्टर ऑफिसातल्या आपत्ती कक्षाचा, त्याच्या वर मंत्रालयात मदत व पुनर्वसन. धरणाचं दार जलसंपदेचं. पावसाचा अंदाज केंद्राचा. एनडीआरएफ, म्हणजे आपत्तीत माणसं काढणारं दल, ते पण केंद्राचं, आपल्याला जवळची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. राज्याचं स्वतःचं दल एसआरपीतली, म्हणजे राज्य राखीव पोलिसातली, माणसं घेऊन उभं केलं ते धुळ्याला आणि नागपूरला, आणि सीनेच्या पाण्यात उभ्या माणसाला धुळं काय नि नागपूर काय, दोन्ही सारखंच लांब.

आता गंमत अशी की कागदावर हे सगळं एकत्र करून झालंय, वीस वर्षं झाली त्याला. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, त्यात जिल्हा प्राधिकरण आहे, अध्यक्ष कलेक्टर, सहअध्यक्ष झेडपीचे अध्यक्ष, त्यात एसपी आहेत, आरोग्याचे अधिकारी आहेत. कलम ३३ खाली कलेक्टर कुठल्याही खात्याचा माणूस मागून घेऊ शकतो, कलम ६५ खाली कोणाची गाडी, होडी, इमारत ताब्यात घेऊ शकतो, आणि कलम ५० खाली टेंडर न काढता तातडीची खरेदी करायला लावू शकतो. एवढे अधिकार इंग्रजांच्या कलेक्टरला तरी होते का कोण जाणे. मग तुम्हाला चार फोन का करावे लागले? कारण कायदा अधिकार देतो वर, आणि होडी असते खाली, मधल्या माणसाची बदली, पगार, सीआर म्हणजे गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब, वायरलेस, डिझेलची पावती हे ज्याच्या त्याच्या खात्याचं.

माझ्या नोकरीतली एक रात्र सांगतो, तालुका कोणता ते नको. महालक्ष्म्यांचा सण, दोन दिवस धो धो पाऊस, रात्री दोनच्या सुमाराला निरोप आला की ओढ्यापलीकडं एका झाडावर तिघंजण अडकलेत. गोडाऊनात रबरी बोट होती, मोटर होती, दहा लाइफ जॅकेट होती. गोडाऊनची किल्ली ज्या कारकुनाकडं तो सणाला गावी. पहारीनं कुलूप तोडलं. बोट ठीक होती, पायानं हवा भरायचा पंप सापडेना, तो शेवटी इलेक्शनच्या पेट्यांखाली निघाला. जॅकेटांचे पट्टे उंदरानं कुरतडलेले, ते सुतळीनं बांधले. मोटरच्या टाकीत पेट्रोलचा थेंब नाही, पंप बंद, मग दोन शिपायांच्या मोटरसायकलींतून पेट्रोल काढलं, घातलं, दोरी ओढून ओढून हात गेले, मोटर काही बोलेना. आणि नगरपालिकेचा बंब तिथंच चौकात उभा होता, त्यावरचा फायरमन आमच्याकडं बघत होता. त्याला ऑर्डर नव्हती, ओढा हद्दीबाहेर. मी गेलो, हात धरला, म्हणलं बाबा ये. त्यानं टाकी हुंगली आणि विचारलं, ऑइल कुठंय? त्या मोटरला पेट्रोलमधे ऑइल मिसळून घालावं लागतं हे आम्हा महसूलवाल्या कोणालाच माहीत नव्हतं. पाच मिनिटांत मोटर सुरू. तिघंही वाचले, त्यातला एक पुढं माझ्याच सज्जात सात-बाऱ्यासाठी यायचा.

म्हणून तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तो फायरमन आणि ती बोट एकाच साहेबाची असती तर माझा अर्धा तास वाचला असता.

आता पुतण्याचं. तो खरं बोलला पण अर्धं. कोलोरॅडोत २०१२ पर्यंत आपत्तीचं काम स्थानिक कारभाराच्या खात्यात होतं, आपलं ग्रामविकास-नगरविकास मिळून समजा, ते उचलून १ जुलै २०१२ पासून पब्लिक सेफ्टी खात्यात टाकलं, ज्या खात्यात हायवेचे पोलिस आणि तपासवाले आधीपासून होते. त्याच झपाट्यात रानातल्या वणव्याचं कामही वनवाल्यांकडून काढून इकडं आणलं. त्याला कारण घडलं होतं, त्याच मार्चमधे वनवाल्यांनीच मुद्दाम लावलेली, काबूत ठेवायची आग वाऱ्यानं सुटली आणि तीन माणसं गेली. पुढं २०१३ च्या सप्टेंबरात तिकडं मोठा पूर आला, नव्या खात्याची परीक्षा त्यातच झाली. इथवर पुतण्या बरोबर.

पण त्याला एवढं विचारा की ९११ लावल्यावर फोन कोण उचलतं. राज्याचं ते जोडलेलं खातं उचलत नाही. काऊंटीचं नाहीतर शहराचं सेंटर उचलतं, म्हणजे आपल्या जिल्हा-तालुक्याच्या पातळीचं, आणि शेरीफ, म्हणजे तिकडचा पोलिसप्रमुख, अजून काऊंटीचाच, लोकांनी निवडून दिलेला. ९११ वर पहिला फोन लागला १९६८ ला, अलाबामातल्या हॅलीव्हिल नावाच्या गावात, खाती जोडायच्या किती आधी. तुम्हाला त्या रात्री जे पाहिजे होतं, म्हणजे एकदा सांगितलं की परत सांगायची पाळी येऊ नये, ते त्यांच्याकडं खाती जोडून आलेलंच नाही. ते फोन जोडून आलंय.

आणि जोडून फसल्याचं उदाहरण पण तिकडचंच आहे. २००१ च्या हल्ल्यानंतर त्यांनी केंद्रात २२ खाती-संस्था एकत्र करून होमलँड सिक्युरिटी काढलं, २००३ ला. फेमा म्हणजे त्यांची आपत्तीची संस्था, १९७९ ला निघालेली, तिचा प्रमुख आधी थेट राष्ट्राध्यक्षाकडं जायचा, ती या मोठ्या खात्याच्या पोटात गेली आणि खात्याचं सगळं ध्यान अतिरेक्यांकडं. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ लुइझियानाला धडकलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं, हजाराच्या वर माणसं गेली आणि फेमाच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. २००६ ला कायदा करून फेमाला त्याच खात्यात ठेवलं पण भोवती कुंपण घातलं, तिची माणसं आणि कामं परस्पर काढून न्यायची नाहीत, आणि प्रमुख असा पाहिजे ज्यानं हे काम आधी केलंय. हे दुसरं कलम आपल्याकडं आलं तर मी पेढे वाटीन.

नंतरचं बघितलं तर काही राज्यं जोडतात, काही सोडवतात. आयोवानं २०१३ ला आपत्तीचं खातं लष्कराच्या खात्यातून काढून वेगळं केलं, ऑरेगननं २०२२ ला तेच केलं. नॉर्थ कॅरोलायनानं २०१२ ला पोलिस, तुरुंग, आपत्ती सगळी मोट बांधली आणि २०२३ ला तुरुंगाचं परत वेगळं खातं केलं. आपल्या भावकीतल्या वाटण्यांसारखं चाललंय सगळं, एकत्र राहिलं की भांडी वाजतात, वेगळं झालं की विहीर कोणाची यावरून वाजतात.

मला विचाराल तर इतकं लांब जायचीपण गरज नाही, लातूरवाल्यांनी बिदरकडं बघावं आणि नांदेडवाल्यांनी तेलंगणाकडं. कर्नाटकात अग्निशमन, होमगार्ड, सिव्हिल डिफेन्स आणि राज्याचं आपत्ती दल हे सगळं एका डीजींच्या हाताखाली आहे. तेलंगणात अग्निशमन खात्याच्या नावातच आपत्ती प्रतिसाद आहे. म्हणजे पाण्यात उतरणारी माणसं एका ठिकाणी आणली, पण मदतीचे पैसे, पंचनामे, छावण्या हे महसूलकडंच ठेवलं, ते पोलिसाकडं दिलं नाही. मला हे पटतं. कारण पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक लागतात (आता तिघांचीही नवी लांबलचक नावं आलीत, गावात जुनीच चालतात). मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला का, पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का, हे सात-बारा बघितलेल्या माणसाला विचारायचं काम आहे, दंडुका घेतलेल्याला नाही. सगळंच गृहखात्यात गेलं तर पुराच्या गावात आधी बंदोबस्त येईल आणि मग होडी, ही माझी भीती आहे, चुकीची निघाली तर आनंदच.

तर माझ्यापुरतं, जोडायचं असेल तर आधी फोन जोडा, ११२, १०८ आणि १०७७ च्या माणसांपुढं एकच स्क्रीन, एकदा लिहिलेलं नाव गाव तालुका सगळ्यांना दिसलं पाहिजे. मग होड्या आणि होड्या चालवणारे. खात्याची पाटी सगळ्यात शेवटी रंगवा. आणि त्या चप्पूवाल्या पोरांची नावं तहसीलला लिहून द्या, आपदा मित्र, म्हणजे आपत्तीतले स्वयंसेवक, म्हणून ट्रेनिंग मिळतं, किट मिळतं, विमा असतो. त्या पोरांना पोहता येतं हे सरकारी यादीत असायला पाहिजे.

प्रश्न : मी मुखेड तालुक्यातली शिक्षिका. ऑगस्ट २०२५ मधे लेंडी नदीच्या पाण्यानं आमच्या भागातली गावं रात्रीतून पाण्याखाली गेली, माणसं गेली, शेवटी मिलिटरी बोलवावी लागली. खाती एक झाली असती तर हे टळलं असतं का?

उत्तर : ताई, खरं सांगायचं तर जे जोडायचं म्हणतात त्या यादीत धरण नसतंच. पोलिस, बंब, होमगार्ड, ॲम्ब्युलन्स यांचं लोणचं घातलं तरी पाणी किती आलं नि किती सोडायचं हे जलसंपदेकडंच राहणार, आणि लेंडी तर दोन राज्यांची. तुमच्या बाजूला गोदावरीवर पण तेच, पोचमपाड धरणाचा फुगवटा धर्माबाद-बिलोलीकडं चढतो आणि दार मात्र तेलंगणाच्या हातात.

पण याच गोदावरीवर एक गोष्ट नीट चालते. बाभळीच्या बंधाऱ्याचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१३ ला निकाल लागला, दारं १ जुलैला वर करायची ती २८ ऑक्टोबरपर्यंत वरच ठेवायची. दरवर्षी त्या दिवशी दोन्हीकडचे अधिकारी तिथं हजर असतात, दारं उघडतात, सह्या करतात, पेपरात फोटो येतो. दोन राज्यांची खाती कोणी जोडली नाहीत, तारीख ठरली आणि कोण हजर पाहिजे ते ठरलं. लेंडीवर, पोचमपाडवर असा कागद पाहिजे की इतक्या पातळीला पाणी आलं की अमुक गावच्या सरपंचाला अमुक माणसानं फोन करायचा, आणि केला नाही तर जबाबदार कोण. जायकवाडीला २७ दारं आहेत, दार वर गेलं की भोंगा वाजतो, दवंडी देतात, व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो, पण खालच्या गावाला क्युसेक, म्हणजे पाणी किती सुटलं त्याचं माप, कळत नाही. पाणी मारुतीच्या पारापर्यंत येणार का शाळेपर्यंत, हे सांगा की कळतं. तुम्ही शाळेत आहात तर एक करा, पोरांना घेऊन गावात २०२५ ला पाणी कुठवर आलं तिथं भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी वरून आकडा आला की गाव रेघेकडं बघेल.

प्रश्न : परभणी जिल्हा, होमगार्ड, १४ वर्षं. विलीनीकरण झालं तर आम्ही पर्मनंट होणार का? खरं सांगा.

उत्तर : खरं सांगतो, आपोआप नाही. होमगार्ड ही संघटना डिसेंबर १९४६ ला मुंबईत निघाली, १९४७ चा तिचा वेगळा कायदा आहे आणि त्यात तुम्ही स्वयंसेवक आहात, म्हणजे काम तेवढा भत्ता. वरचा साहेब बदलला म्हणून कायद्यातला तो शब्द बदलत नाही, त्याला विधानसभेत दुरुस्ती लागते आणि वित्त विभागाची सही लागते, दुसरी जास्त अवघड. मिटिंगमधे कोणी "विलीनीकरण" म्हणलं की तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारा, भत्ता कोणत्या हेडमधून आणि वर्षाला किती दिवसाचा. गणपतीत, यात्रेत, इलेक्शनमधे राबवायचं आणि पुरात छातीभर पाण्यात उभं करायचं तर पोहण्याचं ट्रेनिंग आणि विमा आधी, एवढं मात्र ठासून मागा.

प्रश्न : सर मी लातूरला राहून एमपीएससी करतेय. एसडीआरएफ म्हणजे नक्की काय? एका पुस्तकात फंड आहे, दुसऱ्यात फोर्स आहे. आणि २०२५ च्या दुरुस्तीनं काय बदललं?

उत्तर : बेटा, दोन्ही बरोबर, आणि या घोळात तू एकटी नाहीस. एक एसडीआरएफ म्हणजे निधी, २००५ च्या कायद्याचं कलम ४८, आपल्यासारख्या राज्यात केंद्र ७५ टक्के टाकतं आणि राज्य २५. दुसरं एसडीआरएफ म्हणजे दल, नारिंगी जॅकेटवाली माणसं. एका आढावा बैठकीत साहेबांनी घाईत विचारलं, एसडीआरएफ आलं का? लेखाधिकारी उठून म्हणाले, आलंय साहेब पण खर्चायला मान्यता नाही. साहेब होडीचं विचारत होते.

दुरुस्तीत तुझ्या कामाच्या दोन गोष्टी. राज्यांना असं दल उभं करायला कायद्यात जागा दिली, आणि राजधान्या व महापालिका असलेल्या शहरांना वेगळं शहर आपत्ती प्राधिकरण काढता येईल, त्यात अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष कलेक्टर. मराठवाड्यात महापालिका पाच, छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, परभणी, लातूर आणि २०२३ ला झालेली जालना. म्हणजे सगळीकडं जोडा जोडा चाललेलं असताना इथं एक प्राधिकरण वाढलं. मुलाखतीत विचारलं तर हे सांग, पण हसत सांग. आणि भूम-परांड्याला, मुखेडला यातून काय मिळालं असं विचारलं, तर माझ्या मते काही नाही.

प्रश्न : मी औसा तालुक्यातली, वय ७१. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ना हे नंबर होते ना हे कायदे, तरी माणसं धावली, घरं झाली. आता एवढं सगळं असून का होत नाही?

उत्तर : आजी, मी तेव्हा नोकरीला लागून थोडीच वर्षं झालेला तलाठी होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बोळवून रात्री उशिरा झोपलेले, आणि घरं दगडमातीच्या भिंतींची, वर माळवद, दरवर्षी पावसाआधी माती टाकून टाकून त्याचा थर हातभर झालेला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही बघितलंय. सरकारी आकडा ७,९२८ चा, ५२ गावं पार गेली. माझं काम होतं घराघराची यादी करायचं, पाऊस चालू, वहीतली शाई फुटायची, मग मी पेन्सिल घेतली. ती वही पुढं जमा केली पण पेन्सिल अजून घरात आहे, का ठेवलीय माहीत नाही.

धावली म्हणता ते खरंय, पण पहिल्या काही तासांत धावले ते शेजारच्या गावचे, खोरी-टिकाव घेऊन. लष्कर, संस्था, सरकार नंतर पोचले, आणि पोचल्यावर खूप केलं. घरं झाली ती वर्ल्ड बँकेच्या कर्जातून, त्याला पुढची कित्येक वर्षं लागली. आणि आज जिल्ह्याजिल्ह्यात जो आपत्ती कक्ष दिसतो, आराखडा म्हणून जे बाड असतं, त्याचं मूळ आपल्या किल्लारीतच आहे. ओडिशात १९९९ च्या वादळानंतर त्यांचं प्राधिकरण झालं, गुजरातेत भूज नंतर, फेब्रुवारी २००१ ला. माणसं गेल्याशिवाय आपल्याकडं हापिस निघत नाही, हे कडू आहे पण असंच झालंय. आता का होत नाही म्हणाल तर, तेव्हाही पहिल्या पहाटे सरकार नव्हतंच आजी, आणि आता नंबर हातात आहे म्हणून पहिल्याच मिनिटाला यावं असं वाटतं, आणि वाटलंच पाहिजे, नाहीतर नंबर दिला कशाला.

प्रश्न : सगळी नाटकं आहेत. खाती जोडा नाहीतर तोडा, पाटी नवीन, खुर्च्या त्याच. छापायची हिंमत आहे का? – बीड

उत्तर : छापलं की.

प्रश्न : वसमत तालुका, पांगरा शिंदेच्या बाजूला राहतो. जमिनीतून आवाज येतात, कधी भांडी हलतात. दरवेळी फोन कोणाला करायचा? आणि खाती एक होईपर्यंत आम्ही काय करायचं?

उत्तर : फोन १०७७ ला नाहीतर थेट तहसीलला, आणि सांगताना आवाज आला एवढंच सांगू नका, घड्याळातली वेळ, किती सेकंद, भांडं हललं का भिंतीला चीर गेली, हे सांगा, म्हणजे यंत्रावरच्या नोंदीशी ताडून बघता येतं. तुमच्या भागात २१ मार्च २०२४ ला आणि १० जुलै २०२४ ला ४.५ चे धक्के बसलेत, तेव्हा मनाचे खेळ म्हणून कोणी हसलं तर या दोन तारखा तोंडावर मारा.

आणि वाट बघत बसू नका. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यावर दगड ठेवलेत ना, ते आजच उतरवा, पत्रे हुकानं नाहीतर तारेनं आवळून घ्या. लेकरांच्या खाटा माळवदाखाली असतील तर त्या आधी हलवा, धान्याची कोठी नंतर.